‘पेपर आहेत’ म्हणजे नक्की काय आहे?

कोल्हापूरजवळच्या वडगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेलेला आपल्याकडचा माणूस गडबड करत नाही. दात बघतो, कास चाचपतो, चारही सडांतून धार काढून बघतो, म्हशीला चालवून बघतो आणि एवढं करून ‘हिची आई किती दूध द्यायची’ हेही विचारून घेतो. तोच माणूस पोरांच्या हट्टापायी लॅब्रॅडॉर घ्यायला निघाला की मोबाईलवर आलेल्या दोन फोटोंवर सौदा ठरवतो. विचारलाच तर एकच प्रश्न : पेपर आहेत का? समोरून ‘आहेत की साहेब, केसीआय हाय, चॅम्पियन लाइन हाय’ असं आलं की त्याचं समाधान होतं. विदाउट पेपर एवढे, विथ पेपर एवढे, असे दोन दर असतात. जास्तीचे पैसे मोजले म्हणजे जास्तीचा भरवसा मिळाला, अशी समजूत.

त्या जास्तीच्या पैशांत काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी बघू.

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. 1896 साली स्थापन झालेल्या या संस्थेचं कार्यालय चेन्नईत आहे. जातिवंत कुत्र्यांच्या जन्माची आणि वंशाची नोंद ठेवणं हे तिचं मुख्य काम. तिच्या प्रमाणपत्रावर कुत्र्याचं नाव, नोंदणी क्रमांक, जात, नर की मादी, रंग, जन्मतारीख, मायक्रोचिपचा क्रमांक, ब्रीडरचं आणि मालकाचं नाव असतं आणि त्याखाली तीन पिढ्यांची वंशावळ. आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ, अशी 14 नावं. ही माहिती ब्रीडरने कळवलेली असते. म्हणजे कागद सांगतो तो एवढाच, की नोंदीनुसार हे पिल्लू या कुळातलं आहे. बापाचे खुबे धड आहेत का, आईला दिसतं का, आज्याला फिट यायची का, यातलं एक अक्षरही त्यावर नसतं. कागदवालं पिल्लू आजारी आणि बिनकागदाचं ठणठणीत असू शकतं, आणि यात कुणी कुणाला फसवलेलंही नसतं.

चिपबद्दलही बरेच गैरसमज आहेत. कातडीखाली, दोन खांद्यांच्या मध्ये टोचलेली ती एक बारीक काचेची नळी असते. त्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. रीडर जवळ धरला की ती 15 आकडी क्रमांक दाखवते, बस्स. कुत्रं रंकाळ्यावर सुटलं तर ते मोबाईलवर दिसणार नाही. तिचा खरा उपयोग पिल्लू घेताना होतो. रीडर फिरवायला लावा आणि दिसलेला आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. जुळला नाही तर तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा आहे.

‘पेपर मागनं कुरिअरनं येतील’ हे वाक्यही ऐकायला मिळतं. नोंदणीला वेळ लागतो हे खरं आहे, त्यामुळे नुसतं एवढं म्हटलं म्हणून माणूस लबाड ठरत नाही. पण मग पिलाच्या आईचं आणि बापाचं प्रमाणपत्र तरी आज दाखवा म्हणावं. तेही कुरिअरनेच येणार असेल तर चहा पिऊन निघावं.

कागद हातात आला की लोक त्यावरचा शिक्का बघतात. मी म्हणेन, नावं वाचा. कारण कागदाचा सर्वांत मोठा फायदा तिथेच आहे आणि तो सहसा कुणी घेत नाही.

त्यासाठी ‘जातिवंत’ हा प्रकार कसा तयार होतो ते थोडं समजून घ्यावं लागेल. इंग्लंडमध्ये 1873 साली पहिला केनेल क्लब निघाला आणि कुत्र्यांची वंशावळ वहीत उतरवायला सुरुवात झाली. पुढे एकेका जातीची वही बंद होत गेली. वहीत आहेत त्यांच्यातच मेटिंग करायचं, बाहेरचं रक्त आणायचं नाही. त्यामुळे रूप पक्कं झालं. आज लॅब्रॅडॉरला लॅब्रॅडॉरसारखंच पिल्लू होतं ते यामुळेच. पण पिढ्यानपिढ्या तेच ते रक्त फिरत राहिल्याने दोषही आतल्या आत साचत गेले.

दोष साचतात ते असे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पुष्कळ आनुवंशिक आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते आणि कुत्रं निरोगी राहतं. फक्त ते बिघडलेली प्रत पुढे देऊ शकतं. असा नर आणि अशीच मादी एकत्र आली की प्रत्येक पिलाच्या बाबतीत चारात एक शक्यता अशी असते, की दोन्ही प्रती बिघडलेल्याच मिळतील. लॅब्रॅडॉर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आजार याच वाटेने येतो. आईबाप व्यवस्थित बघत असतात, पिल्लूही सुरुवातीला चेंडूमागे पळत असतं आणि पुढे वय वाढल्यावर आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचं. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून आईबापाची जनुकीय चाचणी केलेली असती तर हे मेटिंगच्या आधीच कळलं असतं.

नर-मादी जितके जवळचे नातेवाईक, तितकी दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता जास्त. पिलाला दोघांकडून तीच प्रत मिळण्याच्या शक्यतेचं माप टक्क्यांत काढतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. त्या नात्यातून होणाऱ्या मुलाचा आकडा 6.25 टक्के येतो. एकाच बापाच्या पण वेगळ्या आयांच्या नर-मादीचं मेटिंग केलं तर पिलांचा 12.5. सख्ख्या भावंडांचा किंवा बाप-लेकीचा 25. कुत्र्यांच्या धंद्यात शेवटचे दोन्ही प्रकार चालतात आणि ‘लाइन पक्की करायला’ असं त्याचं कौतुकाने समर्थनही केलं जातं.

आता तो कागद पुन्हा हातात घ्या. बापाच्या बाजूचा आजा आणि आईच्या बाजूचा आजा, दोन्ही ठिकाणी एकच नाव आहे का? म्हणजे आईबाप सावत्र भावंडं. दोन्हीकडचा आजाही तोच आणि आजीही तीच? म्हणजे सख्खी. पणज्यांच्या ओळीत एखादं नाव दोनदा आलं तर लगेच बिचकायचं कारण नाही, तीनदा-चारदा आलं तर आहे. तीन पिढ्यांच्या मागचं या कागदावर दिसत नाही, ही त्याची मर्यादा. बिनकागदाच्या पिलाच्या बाबतीत मात्र एवढंही कळायला मार्ग नसतो. माझ्या मते पेपरला जास्तीचे पैसे द्यायचे ते यासाठी. शोमध्ये जायचं नसेल तर ‘चॅम्पियन लाइन’चा, म्हणजे शो जिंकलेल्या कुळाचा, घरात काही उपयोग नाही.

कागदाचं एवढं पुरे. आता जातीकडे येऊ.

2003च्या सुमारास हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि गल्लोगल्ली पग दिसू लागले. पाठोपाठ शिह त्झू आले, अलीकडे फ्रेंच बुलडॉग. ब्रीडर ‘पंच फेस’ म्हणून ज्याचे जादा पैसे लावतात, तो चपटा चेहरा हाच या कुत्र्यांचा आजार आहे. कवटी पिढ्यानपिढ्या आखूड करत आणली, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. टाळूचा मऊ भाग लांब राहून श्वासाच्या वाटेत लोंबतो, नाकपुड्या फटीएवढ्या उरतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून, तोंडाच्या आणि नाकाच्या ओल्या कातडीवरून हवा खेळवून अंग गार करतं. ज्याची हवेची वाटच अरुंद आहे त्याने एप्रिल-मेमध्ये, वळीव पडायच्या आधीच्या उमशीत काय करायचं? पग झोपेत घोरतो त्याचं घरच्यांना कौतुक वाटतं. ती श्वासासाठीची ओढाताण असते. नेदरलँड्समध्ये 2019पासून, नाकाडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास करता येत नाही. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून नियम तुम्हीच करायचा. पग घ्यायचाच असेल तर कमी चपट्या चेहऱ्याचा, नाकपुड्या उघड्या असलेला घ्या आणि त्याच्या आईला चार मिनिटं पळवून तिचा श्वास ऐका.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड यांचं दुखणं खुब्यात. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत नीट बसत नाही, चालून चालून सांधा झिजतो आणि कुत्रं पाचव्या-सहाव्या वर्षीच उठताना कण्हू लागतं. हे एका जनुकाचं काम नाही. वंश, वाढत्या वयातलं वजन आणि घरातली गुळगुळीत फरशी, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. आईबापाच्या खुब्यांचा एक्स-रे हा त्यातल्या त्यात चांगला अंदाज, आणि तो दोन वर्षांच्या वयानंतर काढलेला हवा. असा एक्स-रे दाखवणारा ब्रीडर भेटला तर त्याच्याशी फार घासाघीस करू नका. ‘हेवी बोन’ म्हणून जाड पिल्लं दाखवतात, त्याला मात्र भुलू नका. मोठ्या जातीचं पिल्लू लहानपणी गुबगुबीत असणं खुब्याच्या दृष्टीने वाईटच. त्यातून लॅब्रॅडॉर जात्याच खादाड. भूक भागल्याचं मेंदूला कळवणाऱ्या एका जनुकात सुमारे पाव लॅब्रॅडॉरांमध्ये बिघाड असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांना 2016मध्ये आढळलं. तो केविलवाण्या नजरेने ताटाकडे बघतो तेव्हा त्याला खरंच भूक लागलेली असते. तरीही द्यायचं नाही. आणि कोल्हापुरात हे सांगावंच लागेल : तांबडा-पांढरा रस्सा तर मुळीच नाही. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजलेलं हाड फुटून त्याचे तुकडे आतड्यात रुततात.

हस्की बर्फातला. दिवसभर एसीत कोंडावा लागणार असेल तर घेऊ नका. डॅशहाउंड लांब पाठीचा, त्याला जिन्यावरून उड्या मारू देऊ नयेत. कॉकरचे लोंबते कान आपल्या पावसाळ्यात कायम दमट राहतात आणि वास मारू लागतात. ग्रेट डेन दिसतो राजबिंडा, पण सात-आठ वर्षांचा सोबती. त्याच्या पोटाला पीळ पडला तर काही तासांत ऑपरेशन लागतं. रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो यांच्यासह 23 जातींची विक्री आणि पैदास थांबवण्याचं पत्र केंद्राने मार्च 2024मध्ये राज्यांना पाठवलं होतं, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. कायद्याचं हे असं मागेपुढे होत राहील. पण कुत्रं चावलं तर हलगर्जीपणाबद्दल मालकावर भारतीय न्याय संहितेच्या 291 कलमाखाली गुन्हा होऊ शकतो, आणि त्याला कुठलीही जात अपवाद नाही.

आता प्रत्यक्ष पिल्लू बघायला जायचं. फोनवरच एक गोष्ट स्पष्ट सांगावी : आई दाखवणार असाल तरच येतो. ‘आई शेतावर ठेवलीय’, ‘आई पार्टनरकडं आहे’, ‘तुम्ही कशाला येता, मीच स्टँडवर पिल्लू आणून देतो’, यातलं काहीही ऐकू आलं तर फोन ठेवावा. बस स्टँडवर टोपलीतून हातात येणाऱ्या पिलाची आई कुठे आणि कशी आहे, ते देवालाच ठाऊक.

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्राचे 2017चे नियम आहेत. त्यानुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय तिचं मेटिंग करायचं नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नको आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नकोत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आता जाहिराती वाचा : ‘45 दिवसांची पिल्लं’. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. मधले 11 दिवस ब्रीडरला खाद्याचा खर्च वाचवायला बरे, पण पिल्लू चावायचा जोर आवरायला शिकतं ते याच काळात. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ थांबतो, आईही दटावते. हे न शिकता घरी आलेलं पिल्लू तुमच्या पोरांचे हात फोडतं आणि मग घरचे म्हणतात, जातच रागीट आहे.

आईकडे बघताना तीन गोष्टी बघा. नुकती व्यायलेली असल्याने तिचे सड लोंबतील, केस गळलेले असतील, थोडी वाळलेलीही असेल. ते ठीक. पण बरगड्या मोजता येत असतील, कोपरांना सिमेंटवर पडून पडून घट्टे पडले असतील, तर ती पोटापुरतं खात नाही आणि उठूनही फारशी फिरत नाही. दुसरं, ती मालकाकडे कशी बघते. शेपूट हलवत येते, की अंग चोरून कोपऱ्यात जाते? भित्र्या आईची पिल्लं बरेचदा भित्री निघतात, काही रक्ताने आणि काही तिच्याकडे बघून शिकल्याने. तिसरं, तुम्ही पिल्लू उचललं की ती काय करते. थोडं गुरगुरली तर हरकत नाही.

मग पिल्लू. ते हातात घेऊन हिरड्या दाबून बघा, गुलाबी असाव्यात आणि बोट काढल्यावर पांढरा पडलेला ठिपका लगेच भरून यावा. पांढुरक्या हिरड्या म्हणजे जंत किंवा गोचीड. हातपाय काटक्या आणि पोट टम्म, हे गुटगुटीतपण नव्हे, जंत आहेत. बेंबीजवळ मऊ गोळा (हर्निया) लागतो का चाचपा. कानाचा वास घ्या. शेपटी उचलून बघा, तिथे पातळ शेण लागून वाळलेलं असेल तर ते पिल्लू त्या दिवशी घेऊ नका. आणि ‘आमच्याकडे कालच एक मेलं’ असं कुणाच्या तोंडून निसटलं तर बाकीचीही घेऊ नका. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. रक्ताची हगवण आणि उलट्या सुरू झाल्या की लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं.

लशींची पुस्तिका मागा. खऱ्या पुस्तिकेत लशीच्या बाटलीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर चिकटवलेलं असतं, शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का. नुसती पेनाने लिहिलेली तारीख धरू नका. ‘सगळ्या लशी झाल्यात’ असं दोन महिन्यांच्या पिलाबद्दल कुणी सांगत असेल तर ते शक्यच नाही. एकत्रित लशीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस पुरती लागू पडत नाही, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. ते पुरे होईपर्यंत पिलाला बागेत किंवा रस्त्यावर उतरवू नका.

आपल्या गावाचे म्हणून काही प्रश्न आहेत. जून ते सप्टेंबर कुत्रं ओलं राहतं, दाट केसांखालची कातडी बुरशी धरते. घराजवळ गोठा असेल तर गोचीड आलाच, आणि गोचीडतापाचं निदान वेळेत झालं नाही तर धडधाकट कुत्रंही आठवड्यात खचतं. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021चे पूर ज्यांनी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा सुतारवाड्यात काढले, त्यांना वेगळं सांगायला नको, पण नव्याने राहायला आलेल्यांनी विचार करून ठेवावा : पाणी चढलं तर 35 किलोचं कुत्रं घेऊन कुठे जाणार? कुठल्या पाहुण्यांना चालेल? पुराच्या पाण्यातून उंदरांच्या लघवीमार्गे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्यापासून माणसालाही, म्हणून त्याची लस दरवर्षी चुकवू नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोसायटी नाही म्हणाली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015चं परिपत्रक दाखवता येतं, सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. पण कागद दाखवून शेजार टिकत नाही, हेही आहेच.

पळायला रान असलेल्या, म्हणजे कागल-गडहिंग्लजकडे मळ्यात राहणाऱ्या लोकांनी लॅब्रॅडॉरच्या मागे का लागावं हे मला कळत नाही. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथली कुत्र्याची कारवानी जात, म्हणजेच मुधोळ हाउंड, आपल्या हवेत मुरलेली, अंगावर आखूड केस, पाय लांब, आजार कमी. 2005मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं, 2016मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात तिचं प्रशिक्षण सुरू केलं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठीचं केंद्र आहे. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत हव्यात. कारवान नजरेने शिकार करणारा आहे. पळणारं मांजर, कोंबडी, शेळीचं करडू दिसलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. आणि अंगावर चरबी नसल्याने भुलीचं औषध त्याला जपून द्यावं लागतं, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना जात सांगायला विसरू नका. टू बीएचकेत कारवान पाळणं म्हणजे दोघांचेही हाल. नात्यातल्या मेटिंगचा प्रश्न इथेही आहेच, वंशावळ इथेही विचारायची.

व्यवहार ठरला की पैसे देताना साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या : पिलाची जन्मतारीख, आईबापाचे नोंदणी क्रमांक, चिपचा क्रमांक, किंमत, आणि दोन दिवसांत आपल्या डॉक्टरांनी जन्मजात दोष किंवा संसर्ग सांगितला तर पिल्लू परत घेऊन पैसे देऊ, ही अट. चांगला ब्रीडर यावर सही करायला कुरकुर करत नाही. उलट तोच तुम्हाला विचारेल, घरी दिवसभर कोण असतं, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं. घरी नेण्याआधी थेट आपल्या डॉक्टरांकडे जा, आणि पहिला आठवडा ब्रीडर जे खाद्य देत होता तेच द्या. एकदम बदललं की जुलाब लागतात आणि पार्वो झाला म्हणून घरभर रडारड होते.